माहिती मागणाऱ्या सज्जनांस काही हिताच्या सूचना

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये आपणांस एखाद्या सरकारी कार्यालयाकडून काही जाणून घ्यावयाचे असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. कारण या काळातही काही जाणून घ्यावेसे वाटणे हे प्रकृती ठणठणीत असल्याचे लक्षण आहे आणि पुढील काही महिन्यांत त्या प्रकृतीची आपणांस नितांत गरज पडणार आहे. प्रस्तुत लेखकाने नुकतीच १४ पाने माहिती २८ रुपये मोजून पदरात पाडून घेतली असल्यामुळे या विषयात चार शब्द अधिकारवाणीने बोलण्याची पात्रता आपल्या अंगी आली आहे, असा त्याचा नम्र समज आहे.

विषय किरकोळ होता. आमच्या भागातील नगरपालिकेचे वाचनालय तीन वर्षांपूर्वी ‘दुरुस्तीसाठी तात्पुरते बंद’ झाले. ऊनपावसाने पाटीचा रंग उडू लागला तेव्हा सर्वांत आधी ‘तात्पुरते’ हा शब्द गेला. पाटी बापडी प्रामाणिक निघाली. सकाळी वर्तमानपत्र वाचावयास येणारी निवृत्त मंडळी आता बंद दाराच्या पायऱ्यांवर बसतात आणि स्पर्धा परीक्षेची मुले पदरमोड करून खासगी अभ्यासिकेत जातात. या दुरुस्तीवर आजवर किती खर्च झाला आणि तो कोणास दिला, एवढेच मला हवे होते. अंदाजपत्रक, कार्यादेश, कंत्राटदाराची देयके आणि मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाची मापे ज्यात नोंदवतात त्या वहीची, संबंधित पाने असे चार प्रकारचे कागद मी मागितले.

अर्ज करताना कारण अवश्य सांगावे. अर्जदाराने कारण देण्याची आवश्यकता नाही असे कलम ६(२) स्पष्ट सांगते. परंतु ते कलम टपाल शाखेच्या खिडकीपर्यंत अद्याप पोहोचलेले नाही आणि ते पोहोचवण्याचा उद्धटपणा आपण करू नये. “काका, कशाला पाहिजे हे सगळं? पत्रकार आहात का?” असे मला विचारण्यात आले. नाही म्हटल्यावर, “मग इलेक्शनला उभं राहायचंय?” अशी पुढील चौकशी झाली. मला फक्त वाचनालयात बसून पेपर वाचायचा आहे असे मी सांगितले, तेव्हा खिडकीतील गृहस्थांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती मी विसरू शकत नाही.

अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा, असा आपल्या राज्याचा २०१२ पासूनचा नियम आहे. तो उत्तम आहे. नागरिकास प्रश्न थोडक्यात विचारता आला पाहिजे. उत्तर न देण्यासाठी किती शब्द लागावेत यावर मात्र मर्यादा घालणे अन्यायाचे ठरेल. (हा लेख त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर गेल्यामुळे फेटाळला जाण्यास पूर्णतः पात्र आहे, याची लेखकास जाणीव आहे.)

पोच मागू नये. आवकजावक नोंदवहीशी आपले नाते विश्वासाचे असावे.

तारखांच्या बाबतीतही मन मोठे ठेवावे. कायदा ३० दिवसांची मुदत देतो. मला आलेल्या पत्रावर तारीख २९ व्या दिवसाची होती आणि पाकिटावरील टपाल खात्याचा शिक्का ४१ व्या दिवसाचा होता. म्हणजे ते पत्र १२ दिवस त्याच इमारतीत निघण्याची तयारी करीत असावे. मुदत उलटल्यास माहिती विनाशुल्क द्यावी असे कलम ७(६) म्हणते, म्हणून मी भोळेपणाने शिक्का दाखवला. “आमची तारीख बघा, पोस्टाची काय बघता?” असे उत्तर मिळाले. दर पानास २ रुपयांप्रमाणे १४ पानांचे २८ रुपये मी भरले. ते सुटे असावेत अशी अट होती आणि रोखपाल साडेबारानंतर जागेवर नसतात, हे मला तिसऱ्या खेपेस कळले.

यानंतर प्रत्यक्ष माहिती कशी वाचावी, या मुख्य विषयाकडे वळू. माझ्या हाती आलेल्या १४ पानांपैकी ११ पानांवर काळ्या मार्करने आडव्या पट्ट्या ओढलेल्या होत्या. कंत्राटदाराचे नाव काळे, रक्कम काळी, धनादेशाचा क्रमांक काळा, सही करणाऱ्या अभियंत्याचे नाव काळे आणि एका पानावर तर पृष्ठक्रमांकही काळा. ‘आपला विश्वासू’ ही अक्षरे मात्र स्वच्छ होती; विश्वासू कोण, ते झाकलेले होते. नवव्या पानावर सबंध मजकूर बुडाला असताना एकच ओळ कशीबशी तरंगत राहिली होती: ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे.’ मी ते पान खिडकीच्या काचेला मागच्या बाजूने लावून पाहिले, कारण मार्कर फिरवल्यानंतर त्याची पुन्हा झेरॉक्स काढण्याइतके कष्ट कोणी घेतले नव्हते. उन्हात ‘छताचे पत्रे बदलणे’ एवढे वाचता आले. तसाच उठून मी वाचनालयापाशी गेलो आणि गजांतून आत डोकावलो. संदर्भ विभागाच्या टेबलावर एक निळी बादली ठेवलेली आहे आणि तिच्यात पाणी ठिबकते आहे. समाधान नेमके कोणाचे झाले, ते काळ्या पट्टीखाली असावे.

आता आपण म्हणाल की कागदाचा काही भाग वगळण्याची तरतूद कायद्यातच आहे. आहे ना. कलम १० तीच आहे. परंतु वगळायचे असल्यास कारण कोणते आणि तो निर्णय घेणारा अधिकारी कोण, हे अर्जदारास नाव आणि पदनामासह कळवावे असेही तेच कलम सांगते. मला एकच ओळ कळवण्यात आली: ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(जे) अन्वये देता येत नाही.’ या कलमाची थोडी ओळख करून घ्यावी, कारण यापुढे ते आपणांस वारंवार भेटणार आहे. पूर्वी त्यात असे होते की ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, ती नाकारता येईल. आणि जी माहिती संसदेस वा विधिमंडळास नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीस नाकारता येणार नाही, असा एक सुंदर परंतुकही खाली जोडलेला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे सारे कापून काढले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती कापाकापी अमलात आली. आता माहिती वैयक्तिक आहे, एवढे म्हटले की पुरते. कलम ८(२) अजून शिल्लक आहे, म्हणजे लोकहित मोठे असल्यास अधिकारी माहिती देऊ शकतो. देऊ शकतो, या शब्दांवर किती संसार चालले आहेत ते एकदा कोणत्याही कार्यालयात तासभर बसून पाहावे.

हा अधिकार जन्मला कशातून, हे तरी आठवावे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा त्यांच्या हातात हजेरीपट आणि बिले होती. हजेरीपटावरील नावे चारचौघांत मोठ्याने वाचली गेली आणि जे कामावर कधी फिरकलेच नव्हते त्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, इतकेच काय मेलेल्या माणसांची नावे मजुरी उचलताना सापडली. १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरून लोक बसले ते या कागदांसाठी. ती नावे वैयक्तिक माहिती नव्हती काय? होतीच. नाव झाकलेला हजेरीपट म्हणजे रेघा मारलेला कोरा कागद. त्यावर मेलेला माणूस सुखाने रोजंदारीवर जात राहतो आणि त्याची मजुरी कोणाच्या खिशात गेली हे विचारणाऱ्यास खासगीपणाचा भंग केल्याबद्दल समज दिली जाते. ज्या खासगीपणाचे संरक्षण तुमच्याआमच्यासाठी मागितले होते, ते आखूड झालेले जाकीट जसे थोरल्याकडून धाकट्याकडे जावे तसे अलगद कंत्राटदाराच्या अंगावर गेले, आणि त्याला ते अगदी बेतल्यासारखे बसले.

माझ्या खासगीपणाचे काय झाले, तेही ऐका. अर्जास जोडणे आवश्यक नसतानाही माझ्याकडून आधार कार्डाची झेरॉक्स घेण्यात आली. पैसे भरावयास गेलो तेव्हा ती एका टेबलावर पडलेली होती आणि तिच्यावर चहाचा कप ठेवलेला होता. माझ्या पत्त्याभोवती गोल डाग उमटला होता. त्यापूर्वीच, म्हणजे अर्ज दिल्यापासून तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी मला एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. “सर, वाचनालयाच्या कामाबद्दल तुम्ही काहीतरी टाकलंय म्हणे. काय प्रॉब्लेम आहे? बसून बोलू या ना. तुम्ही अमक्या गल्लीतच राहता ना?” माझे नाव, माझा क्रमांक, माझी गल्ली. त्यांचे नाव मला कार्यालयाने आजतागायत सांगितलेले नाही. माझे नाव त्यांना तीन दिवसांत कळले.

मोजमाप पुस्तकाविषयी ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर आल्यास समाधान मानावे. अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करणे यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे वगैरे गोष्टी बोलून वातावरण बिघडवू नये.

प्रथम अपील जरूर करावे. ते त्याच कार्यालयातील वरिष्ठांपुढे चालते, त्याच मजल्यावर, आणि माझ्या बाबतीत तर त्याच टेबलापाशी. ज्यांनी माहिती नाकारली ते गृहस्थ वरिष्ठांच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांना संचिकेची पाने उलटून देत होते. ‘जन माहिती अधिकारी यांनी दिलेली माहिती योग्य असल्याने अपील निकाली काढण्यात येत आहे,’ असा दीड ओळीचा आदेश निघाला. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. अधिकारी दोषी आहे असे आयोगाचे मत झाल्यास त्याने त्यास दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करावा, असे कायदा सांगतो. पुन्हा तेच: मत झाल्यास. तारीख लागेपर्यंत संबंधित अधिकारी सुखरूप सेवानिवृत्त व्हावेत अशी आपण प्रार्थना करावी.

२८ सप्टेंबर रोजी माहिती अधिकार दिनाच्या कार्यक्रमास उपस्थित राहावे. केंद्राच्या तीन वर्षे आधी, २००२ मध्येच, महाराष्ट्राने हा कायदा केला हे तेथे अभिमानाने ऐकावयास मिळते.

शेवटी, आपणांस ‘ब्लॅकमेलर’ म्हटले गेल्यास वाईट वाटून घेऊ नये. या कायद्याच्या नावावर खंडणी उकळणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही; मला दोघे माहीत आहेत आणि त्यांना माहिती कधीच काळ्या पट्ट्यांनिशी मिळत नाही, कारण त्यांना कागद नकोच असतो. पण अर्ज करणारा प्रत्येक माणूस खंडणीखोर आहे असे चेष्टेच्या सुरात म्हणताना तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी आठवतात का? जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढणारा तो माणूस १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास बाहेर पडला आणि रस्त्यात मारला गेला. आणि तुम्ही अर्जदाराचा फोन नंबर तीन दिवसांत कंत्राटदाराच्या हातावर ठेवता? लाज वाटत नाही? कंत्राटदाराचे नाव झाकण्यासाठी तुमच्या हाताला मार्कर सापडतो, माझे नाव झाकण्यासाठी सापडला नाही? ते काही त्याच्या घरच्या गच्चीचे पत्रे नव्हते. ते वाचनालय आमचे, छत आमचे, पैसा आमचा, आणि ज्या मार्करने तुम्ही ही अकरा पाने काळी केलीत तोही आमच्याच पैशातून आला आहे. काम ‘समाधानकारक’ झाले असे लिहून सही करणाऱ्याला नाव सांगायची भीती का वाटते? केले असेल काम, तर या ना उजेडात, दाखवा ते पत्रे.

आणि आपण वाचकहो, पायऱ्यांवर बसून पेपर वाचता वाचता मला म्हणालात, “जाऊ द्या हो, काही होणार नाही.” त्या दिवशी अर्जावर सही करावयास मी आपणांपैकी पाच जणांना विचारले होते. पाचही जणांना अचानक घरची कामे आठवली. तीन वर्षे त्या पायऱ्यांवर ऊन खाता, आणि एका कागदावर नाव लिहायला तुमचा हात उचलत नाही!

द्वितीय अपिलावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प मी चिकटवला आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. येत्या सोमवारी तीन वाजता मी त्या बांधकाम विभागातल्या हिरव्या कपाटासमोर येऊन उभा राहणार आहे. किल्ली साहेबांकडे आहे आणि साहेब मीटिंगला गेलेत, हे सांगू नका. किल्ली काढून ठेवा.