गरम पाण्यावर १८ टक्के म्हणजे किती?

परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच विषय निघाला, जहाजावरच्या बारवाल्याला वरून टीप द्यायची का नाही. मी म्हटलं, बारवर नुसतं फुकटचं पाणी पिणाऱ्यांनी तर द्यायलाच पाहिजे, आणि परत सगळ्यांनी मिळून मलाच वेड्यात काढलं. म्हटलं एकदाचं इथं सविस्तर लिहूनच टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक टाकता येईल.

तर झालं असं की गेल्या फेब्रुवारीत आम्ही तीन जोडपी सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. सगळे सांगलीच्या विश्रामबागचे, सगळे साठीच्या अलीकडे पलीकडे. मी बँकेतनं रिटायर, तीस वर्षं कॅश काउंटरवर काढलीत, त्यामुळं पुढं आकडेमोड येणार आहे, सहन करा. ट्रिपचा कॉमन फंड ह्यांच्या एका मित्राकडं होता, त्यांना मी इथं नुसतं भाऊजी म्हणते. आयुष्य हळदीच्या व्यापारात गेलेला माणूस, पैशाला एकदम पक्का, पण कुणाचं एक रुपया बुडवणार नाही असा. हे आधीच सांगते कारण खाली त्यांची बाजू पण येणार आहे आणि ती मला अर्धी पटलेली आहे.

पहिल्याच रात्री भाऊजींनी खोलीतल्या टीव्हीवर खातं उघडून बघितलं तर माणशी रोज १८ डॉलर ग्रॅच्युइटी, म्हणजे आपोआप कापून घेतलेली टीप, आपली रिटायरमेंटची नव्हे. सहा माणसं, चार रात्री, ४३२ डॉलर. डॉलर हिशेबाला ८५ धरला तरी ३६,७२० रुपये. भाऊजी म्हणाले, "ही टीप आहे का खंडणी?" त्यात खाली काउंटरवर जाऊन सांगितलं तर ही रक्कम काढून टाकतात असं कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलेलं, मग काय, निघालेच ते. आम्ही अडवलं. म्हटलं खोली झाडणारा, ताटं उचलणारा, आत किचनमध्ये घाम गाळणारा, त्यांच्यात वाटून जाते ती, ती काढायची म्हणजे त्यांच्या ताटातलं काढणं झालं. तो विषय तिथं मिटला.

पण बारवर बिल आलं आणि दुष्काळात तेरावा महिना. व्हिस्कीचा पेग १२ डॉलर, त्यावर परत १८ टक्के, म्हणजे २ डॉलर १६ सेंट. बहुतेक जहाजांवर हे १८ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असतंच, बिलात आपोआप लागून येतं, तुम्हाला कुणी विचारत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच पावतीवर खाली अजून एक मोकळी ओळ असते, वरची टीप लिहायला! पहिल्या दिवशी आमच्या ह्यांनी चष्मा नव्हता म्हणून तिथं २ लिहून सही ठोकली आणि टीपेवर टीप देऊन आले. (ह्यांना हे मी इथं लिहिलेलं आवडणार नाही.) तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती ओळ मोकळी सोडली किंवा रेघ मारली तरी चालतं, कुणी काही बोलत नाही.

अनलिमिटेड दारूचं पॅकेज का नाही घेतलं विचाराल, तर आमच्या जहाजावर नियम असा निघाला की एका खोलीतल्या एकानं घेतलं तर दुसऱ्यानं पण घ्यायचं. म्हणजे मी एक थेंब न पिता प्यायल्याचे पैसे भरायचे. राहू द्या म्हटलं.

आता भाऊजींचं म्हणणं. ते म्हणतात, टीप म्हणजे खुशी. कापून घेतली की ती खुशी राहत नाही, तो चार्ज झाला. आणि कंपनी पगार नीट द्यायच्या ऐवजी गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालते. आपल्याकडं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं की हॉटेलवाल्यांनी सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून पण धरलं, मग जहाजवाल्यांनाच का सूट? बरोबर आहे की. फक्त जहाज बहामाच्या झेंड्याखाली चाललेलं आणि आपण समुद्रात मधोमध, तिथं आपलं प्राधिकरण काय करणार. मुळात ही पद्धत आलीय अमेरिकेतनं. तिथं टीप मिळणाऱ्या कामगाराला केंद्राच्या कायद्यानं मालकानं तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, हा आकडा १९९१ पासून हललेला नाही, बाकीचं टीपेतनं भरून निघायचं. जहाजांना तो कायदा लागू नाही पण सवय तीच उचललीय. सिंगापुरात कुणी टीप मागत नाही, जपानमध्ये तर द्यायला गेलात तर लोक अवघडतात, आणि आपण तिथनं जहाजावर चढलो की एकदम अमेरिकेत पोचतो.

म्हणजे भाऊजींना पूर्ण मार्क. पेगमागं २.१६ देऊन झाल्यावर त्यांनी वरून काही द्यायला पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझं म्हणणं आम्हा बायकांबद्दल आहे, आणि तिथंच सगळे मला हसतात.

आम्ही तिघी पीत नाही. पण बारवर बसायचो तिघीपण, कारण गाणी तिथं, माणसं तिथं, आणि ह्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते पण तिथनंच. बसलं की काहीतरी हातात पाहिजे. मला रात्री जेवणानंतर गरम पाणी लागतं, लिंबू पिळून. एकीला बर्फ न घातलेलं साधं पाणी, दुसरीला सोडा. ह्यातल्या कशालाच पैसे नाहीत. बारच्या मागं जो मुलगा होता, इंडोनेशियाचा, छातीवरच्या पट्टीवर नाव आणि देश लिहिलेला असतो त्यावरून कळलं, तो बिचारा प्रत्येक वेळी कॉफीच्या मशीनपर्यंत जाऊन गरम पाणी आणायचा, मला ते कोमट चालत नाही, मग परत जायचा.

दुसऱ्या दिवशी मी पर्समधनं पादेलोण आणि जिरेपूड मिसळलेली छोटी स्टीलची डबी काढली, घरनं नेलेली, पोटाला बरं पडतं म्हणून. त्याला खुणेनं सांगितलं सोड्यात चिमूटभर टाक. त्यानं डबी नाकाशी नेली आणि असा चेहरा केला की काय सांगू, पादेलोणाचा वास तुम्हाला माहीतच आहे. पण टाकलं त्यानं. लांब दांड्याच्या चमच्यानं हळूच ढवळलं, नाहीतर फेस वर येतो, कडेला लिंबाची चकती लावली, खाली कागदी रुमाल, त्यावर ग्लास. वीस डॉलरच्या कॉकटेलला करतात तसं सगळं साग्रसंगीत. मी डबी तिथंच विसरले. तिसऱ्या रात्री गेलो तर डबी बाटल्यांच्या मागच्या फळीवर, आमच्या खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवलेली, आणि आम्ही टेकायच्या आधी तीन ग्लास हजर. एक गरम, एक साधं, एक पादेलोणवालं.

तेव्हा माझ्यातली कॅशियर जागी झाली. आमचे तीन पुरुष, रोज दोन पेग, चार रात्री, एकूण २४ पेग. २८८ डॉलरची दारू, त्यावर १८ टक्के ५१ डॉलर ८४ सेंट. म्हणजे ४४०० रुपये आमच्या माणसांनी न मागता न कुरकुरता (बरं, कुरकुरत) देऊन टाकले. आणि आम्ही बायका? रोज माणशी तीन ग्लास तरी, चार रात्रींचे ३६. पुरुषांपेक्षा बारा हेलपाटे जास्त. त्यावर १८ टक्के किती? शून्याचे १८ टक्के शून्य.

टक्का किमतीवर लागतो हो, कष्टावर लागत नाही. व्हिस्की ओतायला त्याला अर्धा मिनिट लागायचा, माझ्या गरम पाण्याला तीन मिनिटं.

काउंटरवर मी हेच बघत आले तीस वर्षं. मोठी एफडीवाली माणसं वर्षातनं एकदा येतात, सही करतात, जातात. आणि लग्नसराईत दहाच्या कोऱ्या नोटांचं बंडल मागणारे, फाटकी नोट बदलून मागणारे, स्लिप तुम्हीच भरा म्हणणारे, ह्यांच्यातनं बँकेला दमडी मिळत नाही पण दिवस त्यांच्यातच जातो. जहाजावर मी दहाच्या बंडलवाली होते. हे कळल्यावर जरा लाजच वाटली.

परत आल्यावर मी आमच्या भाच्याला फोन केला. मिरजेचाच, नणंदेचा मुलगा, तीन काँट्रॅक्ट जहाजावर बारमध्ये करून आलाय, आठ-आठ महिन्यांची. तो खो खो हसायला लागला. म्हणाला, "मामी, आमच्यात असल्या टेबलाला एकादशीचं टेबल म्हणायचो!" मग सांगायला लागला की रोजची ग्रॅच्युइटी कुणाकुणात वाटायची ते कंपनीगणिक वेगळं असतं, पण तो ज्या जहाजावर होता तिथं बारवाल्यांचा महिना त्या ड्रिंकवरच्या टक्क्यावरच निघायचा. ते पण एकट्याच्या खिशात नाही, पूल म्हणजे एकत्र गल्ला असायचा, ग्लास धुणारा, बर्फ आणून ओतणारा, ट्रे घेऊन फिरणारा, सगळ्यांचा. एकादशीच्या टेबलावर अडकलं की शेजारच्या टेबलाची ऑर्डर हुकते, म्हणजे फुकटचं पाणी नुसतं फुकट नसतं, उलटं महागात पडतं. हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

सुट्टीचं विचारलं तर म्हणाला, कसली सुट्टी, काँट्रॅक्ट संपलं की सुट्टी. मी नंतर बघितलं, खलाशांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २०१३ ला लागू झाला, आपण २०१५ ला त्यात सामील झालो. हॉटेलचं काम करणारे पण त्यात येतात. त्यात विश्रांतीचा हिशेब आठवड्याला कमीत कमी ७७ तास असा आहे. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी तुम्हीच करा. आमच्या बँकेत दुसऱ्या शनिवारी बोलावलं तर युनियन उठायची.

"असं देत बसलं की सवय लागते त्यांना" हे आमच्यातल्या एका वहिनींचं मत. अहो, कुणाला सवय? तो दर चार दिवसांनी नवी हजारो माणसं बघतो, त्यात विश्रामबागच्या तीन बायकांनी त्याला काय बिघडवायचं राहिलंय. आणि आपण इथं काय वेगळं करतो? मटणाच्या खानावळीत ताट ठरलेल्या किमतीचं, पण रस्सा पाहिजे तेवढा. जो वाढपी तांबड्याची वाटी मोकळी दिसली रे दिसली की न विचारता भरतो, परत पांढरा आणतो, वर "भाकरी गरम आणू का काकी" म्हणतो, त्याच्या हातात आपण जाताना वीस-पन्नास ठेवतोच की. ते ताटाचे नसतात. रश्श्याचे असतात.

तर शेवटच्या रात्री मी २० डॉलर दिले. बाकी दोघींकडनं दहा-दहा काढले, एकीनं आनंदानं दिले, एकीनं मी बघत होते म्हणून दिले. चाळीस झाले. पुरुषांच्या ५१.८४ च्या मानानं अजून बारा-एक डॉलर कमीच पडले आमचे, पण आमच्यात कुणी पावतीवर सही करत नव्हतं त्यामुळं जे हातात होतं ते दिलं. पावतीवर लिहिण्यापेक्षा हातात दिलेलं बरं असं भाच्याचं पण म्हणणं पडलं, सगळ्या जहाजांवर तसंच असतं का ते सोडा. त्या मुलानं नोटा न मोजता बर्फाच्या डब्याशेजारच्या बरणीत टाकल्या आणि माझी डबी धुऊन, पुसून, कागदी रुमालात गुंडाळून परत दिली. मी म्हटलं ठेव. नको म्हणाला, वासाचं कारण असणार.

एक किस्सा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, भाऊजी वाचत असतील तर माफ करा. आमचं बघून भाऊजींना पण शेवटी उमाळा आला, आणि फुकेतला फिरून उरलेली थाई चिल्लर, चांगली मूठभर, त्यांनी बारवर ओतली, अगदी देवळात ओततात तशी. तो मुलगा हसला, हात जोडले, घेतली. मी हे भाच्याला सांगितलं तर म्हणाला, मामी, आमच्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये दहा देशांची चिल्लर पडलेली असायची, बदलून कोण देणार, बंदरात उतरायला मिळालं तर तास-दोन तास, त्यात घरी व्हिडिओ कॉल करायला वायफाय शोधायचं का नाणी खपवायची? द्यायचं असेल तर नोट द्या, एकच द्या, पण नोट द्या.

आता ह्या डिसेंबरात परत जायचं घाटतंय, ह्या वेळी मुंबईहून. फंड माझ्याकडं आलाय. आणि कुणी बाहेरच्या क्रूझला निघणार असाल तर एकच सांगते, एक आणि पाच डॉलरच्या नोटा मनी चेंजरला आठवडाभर आधी सांगून ठेवा. आम्ही ऐन वेळी गेलो तर सगळ्या शंभरच्याच हातात ठेवल्या, आणि ते चाळीस डॉलर सुट्टे करायला मला जहाजाच्या कॅश काउंटरवर पाऊण तास रांगेत उभं राहावं लागलं. काउंटरच्या अलीकडच्या बाजूला. तिथली मुलगी पण दमलेली होती बरं का, आणि मी सुट्टेच मागत होते.