४ जीबी रॅम (कॉम्प्युटरची मेमरी) टाकली तरी सव्वातीनच का, दुकानाकडून उत्तर

नमस्कार मालक, एक स्टार दिलात ते ठीक, पण "४ जीबीचे पैसे घेऊन ३ टाकली, फसवलं" हे वाचून जेवण गोड लागलं नाही ओ, म्हणून शटर ओढून लिहायला बसलोय.

तुम्हीच टाकलेल्या फोटोत बघा की, ४.०० जीबी आणि पुढं कंसात ३.२४ युजेबल असं लिहिलंय. म्हणजे रॅम आत आहे, वापरता येईना. तुमची विंडोज ७ आहे ३२ बिटची, तिच्याकडं मेमरीतल्या जागांचे पत्तेच सगळे मिळून ४ जीबीपुरते, आणि त्यातलेच ग्राफिक्स, लॅन, साउंड, बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम, त्यावरच मशीन सुरू होतं) यांनापण द्यावे लागतात. गल्लीत शंभरच नंबर आणि त्यातले वीसेक आधीच दुसऱ्याच्या नावावर, मग शेवटची घरं उभी असून पोस्टमन जाणार कसा?

तुमचा भाचा म्हणतोय ६४ बिट विंडोज टाका. नव्या मदरबोर्डाला त्याचं बरोबर आहे, पण तुमचा बोर्ड ९४५ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप), त्याचीच हद्द ४ जीबीला संपते, बायोसमध्ये मेमरी रीमॅपचा, म्हणजे अडकलेल्या मेमरीला ४ जीबीच्या वरचे पत्ते द्यायचा, ऑप्शनच नाही, त्यामुळं ६४ टाकूनपण सव्वातीनच. वर तुमचं टॉवेल कारखान्याचं बिलिंग डॉसमधलं, ते ६४ बिट विंडोजवर उघडणारच नाही, मग चलन काय हातानं लिहिणार?

आम्ही हात न लावता दिलं असंपण नाही. एमएसकॉन्फिगमधला (विंडोजच्या सेटिंगमधला) मॅक्सिमम मेमरीचा टिक बघितला, स्लॉट बदलले, रॅमची एकेक पट्टी वेगळी लावली, दोन्ही पूर्ण २-२ दाखवतात.

आता आमची चूक. जुन्या १-१ च्या काढून २-२ च्या बसवताना हे आधी सांगायला पाहिजे होतं. आमच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं नाही, बिलावरपण नुसतं "४ जीबी" लिहिलं, तुमच्या जागी मी असतो तर मीपण भडकलो असतो.

सीपीयू घेऊन या. एक २ ची काढून तुमची जुनी १ ची परत लावतो, ३ जीबी होईल, काढलेल्या पट्टीचे पूर्ण पैसे परत. माझं विचाराल तर आहे तसं राहू द्या, पाव जीबी का होईना जास्त मिळतंय आणि जोडी सारखी असली की ड्युअल चॅनलपण चालतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम काम करतात. पण पैसे तुमचे, ठरवा तुम्ही. सकाळी ११ नंतर या, मी स्वतः आहे दुकानात, आणि तो डॉसचा डेटा पेनड्राइव्हवर काढून ठेवा आधी, ती हार्डडिस्क लई जुनी झालीय.