स्टॉप लाइनच्या मागे

शाळेतल्या मित्राला गेल्या महिन्यात दादरला ई-चलान आलं. सिग्नल तोडला नव्हता. लाल दिव्याला गाडी स्टॉप लाइन ओलांडून झेब्रावर उभी होती. त्याने फोटो ग्रुपवर टाकला आणि सगळे पेटले. ‘थांबलो होतो ना? मग दोन फूट पुढे-मागे काय फरक पडतो?’ मी अमेरिकेतून लिहिलं, पडतो. लगेच उत्तर आलं, ‘तुमचे अमेरिकेचे नियम तुमच्यापाशी ठेवा.’

हे मला झोंबलं, कारण नियम अमेरिकेचा नाहीच. थांबायची खूण झाल्यावर गाडीचा कुठलाही भाग स्टॉप लाइनच्या पुढे जाता कामा नये, हे आपल्या १९८९च्या नियमावलीतच होतं. दोन्ही रस्ते सारखे असतील तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, हेही त्यातच. इथे न्यू जर्सीत माझ्या घराजवळच्या फोर-वे स्टॉपला, म्हणजे चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी असलेल्या चौकात, तेच चालतं. आधी आला तो आधी सुटला. दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. रात्री चिटपाखरू नसतानाही समोरचा पिकअपवाला थांबतो, चाकं पूर्ण थबकतात, मग निघतो. इथली माणसं जन्मतः शहाणी नाहीत. तिकीट बसतं, लायसन्सवर दंडाचे पॉइंट्स लागतात, इन्शुरन्स वाढतो. मग पाय आपोआप ब्रेकवर जातो.

‘मुंबईत जागाच कुठे आहे?’ हे दुसरं पालुपद. जागा नाही म्हणूनच तर ती रेघ हवी! माझी आई ७८ वर्षांची आहे, भाजीला गोखले रोड ओलांडते. चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होतो तेव्हा पट्ट्यांवर टॅक्सीचं बॉनेट असतं, शेजारी दोन बाइक. पिशवी छातीशी धरून ती त्यांच्यातून वाट काढते, तोवर दिवा लाल. २०२०मध्ये दादरच्या सिग्नलवर बाईची आकृती आली तेव्हा याच ग्रुपवर कौतुक झालं होतं. तिच्यासमोरच्या पट्ट्या मोकळ्या सोडायला मात्र कुणी तयार नाही.

‘तिकडे बसून बोलू नकोस,’ असंही ऐकलं. ते लागलं, कारण त्यात तथ्य आहे. सायनच्या ट्रॅफिकमध्ये रोज मित्र अडकतो, मी नाही. ज्या शहरात गाडी शिकलो तिथे आता स्टिअरिंगला हात लावायची मला भीती वाटते. सुट्टीत येतो तेव्हा पाहुण्यासारखा मागच्या सीटवर बसतो. तरी बोलायचं मी थांबवणार नाही. आई अजून तिथेच रस्ता ओलांडते. मित्राने दंड भरावा आणि पुढच्या वेळी रेघेच्या मागे उभं राहावं.