खुलासा : कातळशिल्पांचे वय आणि कार्बन चाचणी

राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, कोरलेल्या हत्तीचे वय ‘कार्बन चाचणीने सिद्ध झाले’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. ही चाचणी लाकूड, कोळसा, हाड, शिंपला अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंतील कार्बन-14 (काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणारा कार्बनचा प्रकार) मोजते, आणि तीही सुमारे 50,000 वर्षांच्या मर्यादेतच; जांभ्यात खोदलेल्या रेषेत मोजण्याजोगे असे काहीच नसते. त्यामुळे शैली, परिसरात सापडणारी दगडी हत्यारे आणि आज कोकणात नसलेल्या गेंड्यासारख्या प्राण्यांची चित्रे यांवरून पुरातत्त्वज्ञ काळाचा अंदाज बांधतात, जो स्वाभाविकच ढोबळ असतो. कोकणातील ही कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आली, हे मात्र खरे आहे.