खुलासा: नर्स सिझेरियन करणार नाहीत

‘सरकारी दवाखान्यात आता डॉक्टर नसणार, नर्सच सिझेरियन करणार’ हा मेसेज परवा मीही या ग्रुपवर टाकला होता. चूक माझी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१८ च्या मिडवाइफरी (म्हणजे बाळंतपणाच्या) सेवांच्या मार्गदर्शक सूचना नंतर वाचल्या. सिझेरियन नर्सकडे दिलेलंच नाही. त्यात सांगितलेली ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ म्हणजे नोंदणीकृत नर्स, वर १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण. नैसर्गिक बाळंतपण ती स्वतःच्या जबाबदारीवर करते, गुंतागुंत दिसली की बाईला प्रसूतितज्ज्ञांकडे सोपवते. म्हणून तर या नर्स चालवणार ते प्रसूती कक्ष मोठ्या रुग्णालयातच, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतील असे ठेवायचे आहेत. तो मेसेज पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर हा खुलासाही तिथेच टाका.