घुसले नाहीत, दात तपासून नेले

गेल्या रविवारी आत्याचा फोन आला. "अगं, सोन्याचं जर्मनीचं रद्द करावं म्हणतोय आम्ही." सोन्या म्हणजे माझा आतेभाऊ. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, वर्षभर रोज सकाळी जर्मनच्या क्लासला जातो. कारण विचारलं तर म्हणाली, "तू घराचा ग्रुप बघत नाहीस का?" बघत नाही, मुद्दामच. त्या दिवशी बघितला. ‘जर्मनी संपली, तुर्कांनी गिळली. प्रत्येक आईने वाचावे’ या मथळ्याचा लांबलचक मेसेज होता. खाली नारिंगी जाकिटं घातलेल्या दाढीवाल्यांचा फोटो आणि त्याखाली आमच्याच नात्यातल्या नऊ जणांचे हात जोडलेले. त्यातले दोन निवृत्त शिक्षक. म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेजचं पहिलंच वाक्य आहे, "तुर्क चोरवाटांनी जर्मनीत घुसले." कुठल्या चोरवाटा? 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. कारखान्यांना माणसं मिळत नव्हती. त्यात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून येणारे कामगारही आटले. त्याआधी इटली, स्पेन, ग्रीस यांच्याशी असेच करार झालेले होते. इस्तंबूलमध्ये जर्मनीने स्वतःचं भरती कार्यालय थाटलं. तिथे माणसांना कपडे उतरवून रांगेत उभं करत, छाती तपासत, तोंड उघडून दात बघत. बैलबाजारात बघतात तसेच. पास झालेल्यांना आगगाडीत बसवून म्युनिकला आणत, 11 नंबरच्या फलाटावर उतरवत आणि तिथून कोण रूरच्या कोळसाखाणीत, कोण कोलोनच्या फोर्डच्या कारखान्यात, बायका बर्लिनच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यांत. घुसखोराला कोणी तिकीट काढून आणतं का?

बरं, दोन वर्षांनी परत जायचं अशी अट होती. ती तुर्कांनी नाही मोडली, जर्मन मालकांनी मोडून घेतली. दर दोन वर्षांनी शिकलेला माणूस घालवायचा आणि नव्याला पहिल्यापासून शिकवायचं, हे त्यांना परवडेना. म्हणून 1964 मध्ये ती मुदत करारातूनच गेली. पुढे नोव्हेंबर 1973 मध्ये सरकारने भरती बंद केली, तेव्हा तर गंमतच झाली. आता गावी गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर लोकांनी जायचं सोडून बायकामुलांनाच बोलावून घेतलं. वस्ती वाढली ती या बंदीने. तरी भरतीतून आलेल्या साधारण पावणेनऊ लाखांपैकी पाच लाखांच्या आसपास परत गेलेच. 1983 मध्ये परत जाणाऱ्याला 10,500 मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) देऊ केले तेव्हा आणखी लोक निघाले. मेसेजवाल्याला हे कोणी सांगितलं नसावं.

"आज दर तिसरा जर्मन माणूस तुर्क आहे." यावर वेळ घालवायची इच्छा नाही. जर्मनीची लोकसंख्या 8 कोटी 40 लाखांच्या घरात, तुर्की मुळाचे लोक 30 लाखांच्या आसपास. शंभरात साडेतीन. तुर्क, अरब, अफगाण, बोस्नियन असे सगळे मुसलमान एकत्र धरले तरी तिथल्या सरकारी स्थलांतर खात्याच्या 2020 च्या पाहणीत ते शंभरात साडेसहाच भरले. त्रैराशिक आपल्याकडे शाळेतच शिकवतात. त्या दोन शिक्षकांपैकी एकजण गणिताचे होते.

आता तो फोटो. "तुर्क वस्त्यांत शरिया पोलिसांचा पहारा, खरे पोलीस पाय ठेवायला घाबरतात." फोटो खरा आहे, सप्टेंबर 2014 मधला, वुपर्टाल शहरातला. काही पोरं ‘शरिया पोलीस’ लिहिलेली जाकिटं घालून रात्री रस्त्यावर हिंडली, दारू पिऊ नका, जुगार खेळू नका असं सांगत सुटली. आणि त्यांचा म्होरक्या? तुर्क नव्हे. अस्सल जर्मन घरातला, धर्म बदललेला, पूर्वी अग्निशामक दलात नोकरीला असलेला गडी! खऱ्या पोलिसांनी त्यांना अडवलं, खटला भरला. आधी कोर्टाने सोडलं, वरच्या कोर्टाने ते रद्द केलं आणि 2019 मध्ये सात जणांना दंड झाला. दहाहून जास्त वर्षं जुन्या थिल्लरपणाचा फोटो आमच्या ग्रुपवर आजचा पहारा म्हणून फिरतोय.

पण "पोलीस घाबरतात" हे वाक्य नुसतं हसून सोडण्यासारखं नाही. ते वाचून माझं डोकं फिरलं, कारण खरं त्याच्या बरोबर उलट आहे. मेसेजमध्ये कोलोनच्या कॉयप रस्त्याचं नाव घेतलंय. तुर्की दुकानांचा रस्ता, न्हावी, मिठाईवाले, सोनार. 9 जून 2004 ला तिथे एका न्हाव्याच्या दुकानासमोर खिळे भरलेला बॉम्ब फुटला. 22 माणसं जखमी झाली. दुसऱ्याच दिवशी देशाचे गृहमंत्री म्हणाले की दहशतवादाची चिन्हं दिसत नाहीत, गुन्हेगारी वर्तुळाकडे रोख आहे. मग पोलीस त्या रस्त्यावर आले की! वर्षानुवर्षं आले. कोण खंडणी घेतं, कोणाची कोणाशी खुन्नस आहे, हे जखमी झालेल्यांनाच विचारायला आले.

बॉम्ब ठेवणारे निओ-नाझी होते. त्याच टोळीने 2000 ते 2007 मध्ये दहा खून केले. आठजण तुर्की मुळाचे, एक ग्रीक, एक पोलीस खात्यातली तरुण मुलगी. पहिला बळी फुलवाला एन्वर शिमशेक, न्यूरेनबर्ग, 9 सप्टेंबर 2000. रस्त्याकडेला फुलांच्या गाडीपाशी त्याला गोळ्या घातल्या. पोलिसांनी काय केलं? त्याच्या बायकोला एका सोनेरी केसांच्या बाईचा फोटो दाखवून सांगितलं, ही तुझ्या नवऱ्याची दुसरी बाई. बनाव होता. ती काय बोलते ते बघायचं होतं. पुढे तपास पथकाला नाव दिलं ‘बॉस्फरस’, इस्तंबूलच्या सामुद्रधुनीचं. म्हणजे खुनी तिकडचाच असणार हे आधीच ठरलेलं. कोणीतरी खंडणी मागायला येईल म्हणून पोलिसांनी न्यूरेनबर्गमध्ये स्वतःच एक डोनरची, म्हणजे तुर्की कबाबची टपरी महिनोन्महिने चालवली. कोणी आलं नाही. हॅम्बुर्गच्या पोलिसांनी तर मेलेल्याशी बोलतो म्हणणाऱ्या एका माणसाचं म्हणणंही टिपून घेतलं. आपण अंगात येणाऱ्या बाबांना नावं ठेवतो! वर्तमानपत्रांनी या खुनांना ‘डोनर-खून’ म्हटलं. मेलेल्यात फुलवाला, शिंपी, भाजीवाला होता, त्याचं कोणाला काय.

हे माझ्या पदरचं नाही. जर्मन संसदेच्या चौकशी समितीचा 2013 चा अहवाल आहे, हजाराहून जास्त पानांचा. डाव्या-उजव्या सगळ्या पक्षांच्या सभासदांनी एकमताने शिफारशी केल्या, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. टोळी उघडी पडली तीही तपासाने नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये बँक लुटल्यावर दोघांनी स्वतःला संपवलं तेव्हा पडली. त्याआधीची अकरा वर्षं मेलेल्यांच्याच घरच्यांकडे संशयाने बघितलं गेलं. कोणी कोणाला घाबरून राहायचं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

"सगळे सरकारी भत्त्यावर बसून खातात." सगळे नाही. पण तुर्की मुळाच्या लोकांत बेकारी इतरांपेक्षा जास्त राहिली, हे खरं आहे, मान्य करते. ज्या खाणी आणि पोलाद कारखान्यांसाठी त्यांना आणलं तेच बंद पडले, आणि त्यांच्या मुलांना शाळांनी दहाव्या-अकराव्या वर्षीच खालच्या शाखेत ढकललं, हेही तितकंच खरं. यावर लोक लगेच कोविडची लस काढणाऱ्या उगुर शाहीन आणि ओझलेम तुरेजी यांची नावं पुढे करतात. शाहीनचे वडील फोर्डमध्ये कामगार होते, गोष्ट छानच आहे. पण मला तो युक्तिवाद आवडत नाही. शेजारी म्हणून राहायला लस शोधावी लागत असेल तर आपल्या गल्लीतले किती जण टिकतील?

शेवटचा मुद्दा, "खातात जर्मनीचं, गातात एर्दोआनचं." यात अर्धं खरं आहे, आणि ते मला टोचतं. तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या 2023 च्या निवडणुकीत, दुसऱ्या फेरीत, जर्मनीत पडलेल्या तुर्की मतांपैकी सुमारे 67 टक्के राष्ट्राध्यक्ष एर्दोआनना गेली. कित्येक मशिदींतले इमाम तुर्की सरकार पाठवतं, पगारही तेच देतं. त्यांच्यातल्या काहींवर 2017 मध्ये हेरगिरीचा संशय आला, घरांची झडतीही झाली, पुढे ती चौकशी गुंडाळली. इमाम पाठवणं टप्प्याटप्प्याने थांबवायचं 2023 च्या अखेरीस ठरलंय. उशीरच झाला. पण मतांचा हिशेब पुरता करू. मतदार 15 लाखांच्या आसपास, मत दिलं जेमतेम निम्म्यांनी. म्हणजे 30 लाखांतले पाच लाख. शिवाय मत देतो तो तुर्की पासपोर्टवाला. दोन्ही पासपोर्ट ठेवायची सरसकट मुभा जर्मनीने 27 जून 2024 ला दिली. तोवर जर्मन व्हायचं तर बहुतेकांना तुर्की नागरिकत्व सोडावं लागे. ज्यांनी सोडलं ते या मोजणीत येतच नाहीत. जेम ओझदेमीरसारखे, जे जर्मनीचे कृषिमंत्री झाले आणि एर्दोआनवर उघड टीका करत आले.

हे ओझदेमीर जन्मले ते बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात. सोन्या जाणार तेच राज्य. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याच राज्याशी करार केला, 10 हजार कुशल तरुण पाठवायचा. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. 1961 चा कागद शेजारी ठेवून बघा. तिकडे माणसं कमी, इकडे हात रिकामे. दात तेवढे तपासत नाहीत, भाषेची परीक्षा घेतात. उद्या स्टुटगार्टमधला कोणी याच मजकुरात ‘तुर्क’ खोडून ‘भारतीय’ लिहील, तेव्हा हे नऊ जण हात जोडतील का?

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दिला, म्हणजे वाचलं नाही. रात्री आत्याचा फोन आला. सोन्याच्या परीक्षेची फी भरली म्हणाली. मग थोडा वेळ गप्प. "त्या फुलवाल्याची पोरं तेव्हा केवढी होती गं?"

"थोरली चौदा वर्षांची."