११ महिने, १२ वर्षं आणि नोटरीचा शिक्का

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: "भाडेकरू १२ वर्षं राहिला की घर त्याचं होतं. म्हणून करार ११ महिन्यांचाच करा. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे. मुदत संपून निघाला नाही तर सरळ कुलूप बदला." भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देणं हे माझं रोजचं काम आहे. हा मेसेज खरा मानून नुकसान करून घेतलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून लिहितोय.

१२ वर्षांचं आधी. १९६३ च्या मुदत कायद्यात, म्हणजे दावा किती वर्षांत करायचा ते ठरवणाऱ्या कायद्यात, हा आकडा आहे, पण तो मालकाचा हक्क झुगारून ठेवलेल्या ताब्यासाठी आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो आणि भाडं देतो, म्हणजे मालक कोण हे दर महिन्याला कबूलच करतो. तो नुसता राहिला म्हणून २० वर्षांनीही मालक होत नाही. धोका वेगळाच आहे: भाडेकरार संपवल्यानंतर मालकाने वर्षानुवर्षं काहीच हालचाल केली नाही, तर ताबा मागण्याची मुदत निघून जाऊ शकते. तिथे ११ महिन्यांचा कागद वाचवत नाही, वेळेवर केलेला अर्ज वाचवतो.

आता नोंदणी. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ११ महिन्यांची प्रथा तिथूनच आली, आणि देशात इतरत्र तिचा उपयोगही होतो. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी) असो की भाडेकरार, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर. चुकवली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण लोकांना खरा फटका बसतो तो त्याच कलमातल्या दुसऱ्या तरतुदीचा. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आमच्या भागातल्या एका आजींनी वरची खोली नोटरी करून दिली होती. डिपॉझिट रोख घेतलं, कागदावर आकडाच नाही. खोली सोडताना भाडेकरू म्हणाला ८० हजार दिले, आजी म्हणाल्या ३०. त्यांच्याकडे पुरावा काय, तर दुधाच्या हिशेबाची वही आणि तीत पेन्सिलीने लिहिलेलं "३०,००० मिळाले". सही कुणाचीच नाही. शेवटी ५५ हजारांवर मिटवलं. नोटरीचा शिक्का सहीची ओळख पटवतो, तो नोंदणीची जागा घेत नाही.

आणि हे सगळं वाचवायचं किती पैशांसाठी? महिना १५ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, ११ महिने असं धरा. एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क. सव्वाचारशेच्या आसपास बसतं, शंभराच्या पटीत वर नेलं की ५००. शहरात नोंदणी फी १,०००. वर आमच्यासारख्यांची मजुरी.

कुलूप बदलण्याचा सल्ला तर सगळ्यात घातक. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लायसन्स करार संपला आणि माणूस हलत नसेल, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठीच नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. हातात असा मार्ग असताना कुलूप तोडून, सामान बाहेर काढून मालक स्वतःच पोलिसांच्या चौकशीत सापडतो. दुकानाचा गाळा देणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा: कलम २४ फक्त राहत्या जागेसाठी आहे, गाळ्यासाठी कोर्टातच जावं लागतं. म्हणून गाळ्याचा कागद तर अधिकच पक्का हवा.

आजींनी पुढचा करार नोंदवूनच केला. आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना. ओल्या फडक्याने पुसून पुसून चौथ्या वेळेला घेतला. त्याआधी डिपॉझिटचा आकडा त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला होता, भाडेकरूच्या समोर.